देवाची लाडकी

मी पोस्टात एकतीस वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. वसईजवळच्या उमेळ्यात आमच्या घरात मी आणि माझी भावजय, दोघीच राहतो. दर रविवारी आठच्या मिस्सेनंतर, म्हणजे सकाळच्या उपासनेनंतर, चर्चच्या मागच्या खोलीत मी लहान मुलांना धर्मशिक्षण देते. त्यालाही आता बावीस वर्षं झाली. गावातली निम्मी तरुण माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत. अजूनही ती मला नावाने नाही, टीचर म्हणूनच हाक मारतात.

सहा-सात वर्षांच्या मुलांना एका देवात तीन व्यक्ती, ते त्रैक्य वगैरे समजत नाही. मी त्यांच्याकडून प्रार्थना पाठ करून घेते, पण त्याआधी एक गोष्ट करते. वर्गात आलेल्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा, त्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "देवाला तू आवडतोस." मुलं वाट बघत रांगेत उभी राहतात. काहींच्या डोक्यावर आठवडाभरात दुसऱ्या कोणी हात ठेवलेला नसतो, हे मला माहीत आहे. बाकी सगळं विसरली तरी एवढं त्यांच्या अंगात मुरावं, असं मला वाटत आलंय.

प्रिस्का त्या वर्गात होती. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, बडबडी. डिसेंबरात तिचं पहिलं ख्रिस्तशरीर व्हायचं होतं, म्हणजे वेदीपाशी पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायची होती. तिची आई जीनासुद्धा लहानपणी माझ्याच वर्गात होती. जीना घरी केक करायची, लग्नाचे, बारशाचे. वडील आग्नेल वसईत एका वर्कशॉपमध्ये कामाला. आणि धाकटा मार्सेल, चार वर्षांचा.

त्यांच्या घरामागे केळीची वाडी होती, वाडीपलीकडे गावाचं बावखल. त्या तळ्याचं पाणी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांना शिंपलं. कुठे किती खोल आहे हे बायकापोरांनाही ठाऊक असायचं. दोन वर्षांपूर्वी ते बुजवलं आणि जागा इमारतीसाठी गेली. पायासाठी खड्डे खोदले, मग काम अडकलं आणि खड्डे पावसाने भरले. रस्त्याच्या बाजूला पत्रे ठोकले होते. वाडीची बाजू उघडीच राहिली. आग्नेल दोनदा जाऊन बिल्डरच्या माणसांना सांगून आला होता.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, मार्सेल त्या खड्ड्यात बुडाला. शोधायला लागल्यावर वीस मिनिटांत सापडला. पण तो कधी बाहेर पडला, हे कोणालाच नक्की सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा पुढच्या खोलीत शवपेटी ठेवली होती. बायका माळ हातात घेऊन रोझरी म्हणत होत्या. जीना भिंतीला टेकून बसली होती. ती रडतही नव्हती. प्रिस्का पांढऱ्या फ्रॉकमध्ये दाराच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी तिला मांडीवर घेतलं. तिने विचारलं, "टीचर, मार्सेलला कोणी नेलं?"

मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणाले, "देवाने नेलं गं बाय. मार्सेल देवाला फार आवडला. बागेतलं सगळ्यांत छान फूल आपण आधी खुडतो ना, तसं."

तिने माझ्याकडे वर बघितलं. "मी पण आवडते ना देवाला?"

"आवडतेस तर," मी म्हणाले. "तू तर त्याची लाडकी."

ती गप्प झाली. मला वाटलं, पोरीला धीर आला. भिंतीला टेकलेल्या जीनाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. नंतर सगळ्या बायका म्हणाल्या, इनेझ टीचरनी जीनाला रडवलं ते बरं केलं. महिना भरल्यावरच्या मिस्सेसाठी छापलेल्या कार्डावर मार्सेलच्या फोटोखाली तेच होतं: देवाच्या बागेतलं लाडकं फूल. कब्रस्तानातल्या संगमरवरावरही जीनाने तेच कोरून घेतलं.

दोन रविवार गेल्यावर प्रिस्का वर्गात यायला लागली. मी डोक्यावर हात ठेवायला गेले तर ती खाली वाकून निसटली. मला वाटलं, अजून सावरली नाही. पुढच्या रविवारी तिने शेजारच्या मुलीच्या दंडाला चिमटा काढला, काळानिळा होईपर्यंत. त्याच्या पुढच्या रविवारी प्रार्थनेच्या वहीतलं येशूचं चित्र पेन्सिलीने गिरगटून टाकलं. प्रार्थना चालू असताना ती मोठ्याने एक शिवी म्हणाली. ती तिने रस्त्यावर ऐकली असणार. मुलं हसली. ती हसली नाही. म्हणून झाल्यावर तिने छताकडे बघितलं.

मी फादरना सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ गेलाय तिचा. राग येणारच. थोडं थांबा."

मी थांबले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी चर्चच्या दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असतं त्याच्यापाशी ती टाचा उंचावून उभी राहिली आणि आत थुंकली. दोन म्हाताऱ्यांनी पाहिलं. एकीने तिच्या पाठीत धपाटा घातला. मी तिला हाताला धरून मागच्या खोलीत आणलं. बाकीच्या मुलांना त्या दिवशी घरी पाठवून दिलं. आम्ही दोघी लहान बाकावर समोरासमोर बसलो.

"का गं थुंकलीस?"

ती बाकाची कड नखाने खरवडू लागली.

"मी तुझ्या मम्मीला सांगणार नाही. मला फक्त सांग."

"देवाने बघितलं का?" तिने विचारलं.

"बघितलं असेल."

"मग त्याला राग आला असेल ना?"

तिनेच पुढे विचारलं, "अजून किती वेळा थुंकले तर मी त्याला आवडणार नाही?"

"तुला देवाला आवडायचं नाही?"

तिने मान हलवली. "आवडलं की तो नेतो. मार्सेलला नेलं. तुम्ही म्हणालात मी लाडकी आहे. मग आता माझा नंबर. मला नेलं तर मम्मीकडे कोणीच नाही राहणार." आणि जरा थांबून म्हणाली, "त्या खड्ड्यात खूप थंड असतं."

हे सगळं तिने हळू आवाजात सांगितलं. दोन महिने ही पोर एकटीच्या हिमतीने स्वतःला वाईट करत होती. मी दर रविवारी हात पुढे करून तिला भीती घालत होते.

"प्रिस्का," मी म्हणाले, "मी तुला चुकीचं सांगितलं."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"मला माहीत नव्हतं, तरी बोलले."

"म्हणजे खोटंच," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण मम्मी पण तसंच म्हणते. रोज म्हणते."

मी तिला घरी पोचवायला गेले. आग्नेल कामावर गेला होता, रविवारीही जायचा. घरी बसवत नव्हतं त्याला. जीना आतल्या खोलीत पलंगावर मार्सेलचे कपडे पसरून बसली होती. केकचा ओव्हन भिंतीकडे सरकवून त्यावर चादर टाकलेली. प्रिस्काला अंगणात बसवून मी आत गेले आणि जे ऐकलं ते सगळं सांगितलं. आधी तिने ऐकून घेतलं.

"म्हणून जीना, ते फुलाचं वाक्य," मी म्हणाले. "तिच्यासमोर तरी म्हणू नकोस. ते मी बोलायला नको होतं. देव असा मुलं खुडत फिरत नाही."

जीनाने हातातला छोटा शर्ट घडी करून ठेवला. "ते तुम्ही मला दिलंत, टीचर."

"हो."

"मी सकाळी उठते ती त्या वाक्यावर उठते. त्याला देवाने मागून घेतलं, तो देवाला हवा होता, असं म्हणते आणि मग चूल पेटवते. आता तुम्ही म्हणता, तसं नाही. मग कसं? कसा गेला तो? सांगा ना."

मी म्हणाले, "तो बुडाला, जीना."

ती उठली. "लहान असताना तुम्हीच शिकवलंत, देवाच्या मर्जीशिवाय पान हलत नाही. तेही खोटं का? एकदाच काय ते ठरवून या तुम्ही. आणि माझ्या पोरीला मी बघीन. तिला आता तुमच्या वर्गात पाठवणार नाही."

मी अंगणातून बाहेर पडले तेव्हा प्रिस्का पायरीवर बसून नखं खात होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

त्या आठवड्यात मी फादरकडे जाऊन म्हणाले, मला आता या कामातून मोकळं करा. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "मीही दफनाच्या मिस्सेत जवळजवळ तेच बोललो होतो, टीचर. आईबापासमोर उभं राहिलं की तोंडाला येतं." आणि म्हणाले, "तुम्ही सोडून गेलात तर त्या मुलीला वाटेल, तिच्यामुळे गेलात." म्हणून मी राहिले. वर्ग घेतला, पण डोक्यावर हात ठेवायचं बंद केलं. एकदोन मुलांनी विचारलं, का नाही. मी म्हणाले, हात दुखतो.

नोव्हेंबरच्या मध्यावर गावात डेंगी पसरला. एका सकाळी दहा वाजता आग्नेल स्कूटरवरून आमच्या दारात आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"टीचर, जरा येता का? प्रिस्का ॲडमिट आहे. चार दिवस ताप आहे. प्लेटलेट उतरल्यात. ती सलाईन लावू देत नाही. दोनदा ओढून काढलं. नर्सला चावली. सारखं तुमचं नाव घेते."

"जीना काय म्हणते?"

"तिनेच पाठवलंय."

वसई रोडला ते छोटं नर्सिंग होम होतं, पहिल्या मजल्यावर. जिन्यातच मला तिचा आवाज ऐकू आला. खोलीत गेले तर ती पलंगाच्या डोक्याकडच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हातावर जिथून सुई निघाली तिथे रक्त सुकलेलं. तोंड तापाने सुजलेलं. जीना पायथ्याशी उभी होती. दोन महिन्यांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. भिंतीवर कोणीतरी येशूचं छोटं चित्र चिकटवलं होतं आणि प्रिस्का त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

मला बघताच ती म्हणाली, "टीचर, तुम्ही सांगा त्याला. मी थुंकले होते ना? तुम्ही बघितलं ना? पवित्र पाण्यात थुंकले होते. शिवी पण दिली होती. सांगा त्याला, मी चांगली नाही. तो न्यायला आलाय. तुम्ही सांगितलं तर ऐकेल."

ती मला साक्षीला बोलवत होती. मी पलंगाच्या कडेला बसले. बावीस वर्षांत पाठ झालेली सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी आली आणि त्यातलं एकही मला बोलवेना.

जीना म्हणाली, "काय म्हणतेय ही?"

"मी त्या दिवशी तुला सांगितलं तेच," मी म्हणाले.

ते तिने माझ्याकडून ऐकलं होतं. पोरीच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती. तिने पलंगाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला. आग्नेल दारात उभा होता. नर्स ट्रे घेऊन त्याच्यामागे.

"प्रिस्का," जीना म्हणाली. "इकडे बघ. मार्सेलला देवाने नेलं नाही."

"तूच म्हणतेस नेलं."

"मी म्हणत होते. नाही नेलं." तिचा आवाज घोगरा झाला होता. "तू शाळेत होतीस. मी केकच्या ऑर्डरचं फोनवर बोलत होते. ते गिऱ्हाईक रंगाचं काहीतरी सारखं बदलत होतं. मागचं दार उघडं होतं. मला माहीत होतं ते उघडं आहे. मला वाटलं, आता फोन ठेवते आणि लावते. तो वाडीतून गेला असेल. तिकडे पत्रे नव्हते. तो पाण्यात पडला आणि बुडाला. तेवढंच झालं. देवाने हात लावला नाही त्याला."

आग्नेलला फोनचं माहीत नव्हतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. तो वळला आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बाकड्यावर बसला.

प्रिस्काने आईकडे बघत विचारलं, "तू किती वेळ बोलत होतीस?"

"पंधरा मिनिटं. जास्तही असेल."

"मग देव काय करत होता?"

जीनाने माझ्याकडे पाहिलं. "ते टीचरना विचार. मला नाही माहीत."

मी म्हणाले, "मलाही माहीत नाही, बाय. त्याने का थांबवलं नाही ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की येशूचा मित्र मेला होता, तेव्हा तो त्याच्या कबरीपाशी जाऊन रडला होता. सगळ्यांसमोर. ज्याने स्वतः नेलं असतं तो रडला नसता. देव चोर नाही. तो लोकांची मुलं पळवत नाही."

"मार्सेलसाठी पण रडला?"

"मला वाटतं, रडला."

"आणि मी आवडते त्याला, तर?"

"तर तू बरी व्हावीस असं त्याला वाटत असेल. मम्मीला वाटतं तसंच."

तू मरणार नाहीस, असं म्हणायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. प्लेटलेटचा सकाळचा आकडा तीस हजारांच्या खाली होता, आग्नेलने स्कूटरवर सांगितलं होतं. मी म्हणाले नाही.

जीना पलंगावर चढली, चपलांसकट, आणि पोरीला पाठीमागून कवेत घेतलं. म्हणाली, "मी फोन बंद करून ठेवलाय. मी कुठे जात नाही." नर्स पुढे आली. प्रिस्काने हात पुढे केला नाही, पण जीनाने तो धरून पुढे केला तेव्हा मागे ओढलाही नाही. सुई जाताना ती ओरडली, नेहमीच्या मुलांसारखी.

पुढचे दोन दिवस वाईट गेले. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट चढायला लागल्या आणि आठवड्याने ती घरी आली.

घरी मात्र काही बरं नव्हतं. आग्नेल जीनाशी बोलेना. एका घरात राहून दोघं प्रिस्कामार्फत निरोप द्यायचे: डॅडींना सांग जेवण वाढलंय, मम्मीला सांग मला भूक नाही. जीनाने मिस्सेला यायचं सोडलं. नाताळला त्यांच्या दारात कंदील लागला नाही. पहिल्या ख्रिस्तशरीराच्या दिवशी वर्गातल्या अठरा मुलांनी पांढरे कपडे घातले. एकोणिसावी खुर्ची मी आधीच काढून ठेवली होती, कोणी बघण्याआधी. मुलं रांगेने वेदीकडे चालत गेली आणि आयांनी मोबाईल वर धरले. मी खांबामागे उभी राहून माझ्या त्या एका वाक्याने काय काय झालं ते मनात मांडत राहिले. खड्डा मी खोदला नव्हता, हे खरं. पण पोरगी दोन महिने एकटी घाबरत होती, ते माझं होतं.

जानेवारीत मी धीर करून जीनाकडे गेले. ती ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. मला बसा म्हणाली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. मी समोर बसून शेंगा सोलायला घेतल्या.

बऱ्याच शेंगा झाल्यावर ती म्हणाली, "काल आग्नेलने विचारलं, फोनवर कोण होतं. दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलला."

"मग?"

"सांगितलं. मग तो म्हणाला, कडी मीच वर लावायला हवी होती. मार्सेलचा हात पोचत होता खालच्या कडीला, मला माहीत होतं, म्हणाला. मग आम्ही दोघं बसून राहिलो." तिने सालं सुपात ढकलली. "त्याच्याशी मी बोलत नाही, टीचर. देवाशी. बोलवत नाही. आधी वाटायचं त्याने घेतलं, तेव्हा निदान भांडता यायचं. आता भांडायचं तरी कोणाशी?"

मी पुढची शेंग सोलायला घेतली.

"पण प्रिस्काला पाठवीन रविवारी," ती म्हणाली. "ती विचारते. मला सांगता येत नाही. तुम्ही सांगा, पण जेवढं तुम्हाला खरंच ठाऊक आहे तेवढंच."

"ते फार थोडं आहे, जीना."

"असू दे."

रविवारी आग्नेल तिला सोडायला आला आणि वर्ग संपेपर्यंत बाहेर स्कूटरवर बसून राहिला. तिचे केस तापात गळले होते, आता बारीक बारीक परत येत होते. दात मात्र आले होते, मोठे आणि जरा वाकडे. ती मागच्या बाकावर बसली. मी त्या दिवशी मुलांना काही पाठ करायला दिलं नाही. ज्याला जे वाईट वाटतं ते सांगा म्हणाले. एकाची मांजर हरवली होती. एकाचे डॅडी दारू पिऊन येत होते, आणि ते सांगताना तो खाली बघत होता. मी प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे देवाला सांगता येतं, तो ऐकतो. तो लगेच काही करेल असं मी म्हणाले नाही.

प्रिस्काने आपली पाळी शेजारच्या मुलीला दिली. सगळी गेल्यावर ती बाक सरळ करायला थांबली. मी सांगितलं नव्हतं.

"टीचर," ती म्हणाली, "आता तो बघतोय?"

"देव? हो."

"मला?"

"तुलाही."

तिने वरच्या कौलांकडे पाहिलं नाही. बाकाचं दुसरं टोक उचलून भिंतीला लावलं.

"बघू दे," ती म्हणाली, आणि डॅडी वाट बघतायत म्हणून निघून गेली.